राहून गेलेली चप्पल

आमच्या शेडमध्ये चोरी हा शब्द कुणी वापरत नाही. एकाचं चित्र विकलं गेलं, की दुसऱ्या दिवशी तेच चित्र सहा जणांच्या मांडीवर दिसतं. जिराफ खपला की सगळीकडे जिराफ, बिबट्या खपला की बिबटे. हार्डबोर्ड तोच, सायकलला लावायचा ऑइलपेंट तोच, आणि खाली ज्याचं त्याचं नाव. दार-एस-सलामला उतरलेला परदेशी पाहुणा सगळी शेड फिरतो आणि ज्याचा हात साफ त्याचं चित्र घेऊन जातो. पंधरा वर्षं मी असेच दुसऱ्यांचे जिराफ काढून मक्याची उगाली खाल्ली आहे, त्यामुळे साळसूदपणाचा आव मला आणता येत नाही.

त्यात माझा हात साफ नाही. माझा मावसभाऊ अथुमानी शेजारच्याच पाटावर बसतो. तो म्हणायचा, "ताई, तुझा जिराफ बघून मला आजारी बकरी आठवते." शेड हसायची, मीही हसायचे. तो एका दमात रेघ ओढायचा आणि त्या रेघेत जनावर उभं राहायचं. माझ्या फळ्या सगळ्यात शेवटी जायच्या, त्याही दर पाडून.

मग आई गेली. धक्क्याजवळच्या मासळीबाजारात तिने जन्मभर मासे तळले. मी लहान असताना कढई कलंडून तिचा डावा पाय भाजला होता. चपलेचा पट्टा जखमेवर घासायचा म्हणून तिने त्या पायात चप्पल घालणं सोडलं, आणि जखम भरली तरी पुन्हा घातली नाही. उजव्या पायात निळी स्लीपर, डावा पाय ओल्या फरशीवर. बाजार हसायचा. मला तिची लाज वाटायची. रस्त्यात मी तिच्यापासून चार पावलं मागे चालायचे, आणि तिला ते कळायचं.

चाळिसावा उरकून मी शेडमध्ये आले. समोर अर्धवट जिराफ होता. त्याला हात लावावासा वाटेना. उरलेली एक फळी ओढली आणि आईची पाठ काढली, मागून दिसायची तशी. मी तिला कायम मागूनच बघितलं होतं. पुढे कढई, कढईतून उडून तिच्या डोक्याभोवती फिरणारे चांगू मासे, उकळत्या तेलाचे पांढरे ठिपके. खाली दोन पाय, एकात चप्पल. रेघा नेहमीसारख्याच वाकड्या आल्या, पण या वेळी त्या मला माझ्या वाटल्या. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच मी शेजारच्या पाटाकडे बघितलं नव्हतं.

लिकोंदे मामा शेडमधले सगळ्यात जुने. ते काठी टेकत आले आणि फळीवर वाकले.

"हे कुणाचं बघून काढलंस?"

"कुणाचंच नाही, मामा."

"मग चार दिवस जप. तेवढेच दिवस ते तुझं आहे."

त्याच दुपारी ते विकलं गेलं. पुढच्या महिन्यात तशी आणखी सहा काढली, सहाही गेली. लोक माझ्या पाटाशी येऊन थांबू लागले, मागचे जिराफ न बघता. इतका आनंद मला कशाचाच झाला नव्हता, आणि तो आईच्या मरणावर झाला याची बोचणीही होती.

मामांचे चार दिवस थोडे लांबले इतकंच. मग शेडभर बायका मासे तळू लागल्या. अथुमानी फळी घेऊन माझ्याजवळ सरकला.

"ताई, एक चप्पल राहिली का गं तुझी?"

"राहिली नाही. आई एकाच पायात घालायची. विसरलास?"

"हो की, मावशीचा तो पाय. पण मी दोन घालतो. एक पाय उघडा ठेवला तर गिऱ्हाइकाला वाटतं, घाईत उरकलंय."

त्याचं चित्र माझ्यापेक्षा चांगलं झालं. हे मला कुणी विचारलं नाही, तरी सांगते. त्याने काढलेली पाठ श्वास घेत होती.

त्यानंतर उर्सुला नावाच्या एक परदेशी बाई आल्या. वीस वर्षं नैरोबीत काढलेल्या, स्वाहिली आमच्यासारखं बोलणाऱ्या. त्यांना नैरोबीतल्या प्रदर्शनासाठी एक चित्रकार हवा होता. एक अख्खी भिंत, आणि भिंतीवर त्याचं नाव. त्यांनी दारातच विचारलं, "ही मासे तळणारी बाई पहिल्यांदा कुणी काढली?"

आमच्यात पहिला कोण हे विचारायचं नसतं आणि सांगायचंही नसतं. मामा म्हणाले, "चित्र शेडचं आहे."

"माझं आहे," मी म्हणाले.

मागून कुणीतरी म्हणालं, "आणि जिराफ कुणाचे होते गं, असुमिनी?" सगळे हसले.

बाईंनी माझी फळी आणि अथुमानीची फळी शेजारी ठेवली. माझी पहिली सात केव्हाच परदेशात गेली होती, ही आठवी. रंग दोन्हींचे ओलसर, आधीचं कोणतं ते त्यावरून कळत नव्हतं. बाईंनी मामांना विचारलं, "तुम्ही लोक नक्कल कशी ओळखता?"

मामा माणूस सरळ. जे खरं ते त्यांनी सांगितलं. "नक्कल करणाऱ्याचं काहीतरी राहून जातं, बाई. शेपटीचा गोंडा, पाखराचा एखादा पाय."

बाई वाकल्या. माझ्या चित्रावर त्यांचं बोट खाली खाली आलं आणि आईच्या डाव्या पायाशी थांबलं. "इथे चप्पल राहिलीय," त्या हळूच म्हणाल्या. मला वाईट वाटू नये म्हणून हळूच.

"राहिली नाही. ही माझी आई आहे. ती एकाच पायात चप्पल घालायची. याला विचारा, त्याची सख्खी मावशी."

बाईंनी अथुमानीकडे बघितलं. तो ब्रश पुसत होता, कोरडा ब्रश.

"मावशी दोन्ही पायांत घालायची," तो म्हणाला.

मी मामांकडे बघितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. पण शेडचा नियम त्यांनीच घातलेला, आणि या वयात ते तो मोडणार नव्हते. ते काठी टेकत आपल्या पाटाकडे गेले, आणि बाईंनी अथुमानीचं नाव लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अथुमानी माझ्यासाठी चहा घेऊन आला. "ताई, मला चार लेकरं आहेत."

"मला एक आई होती," मी म्हणाले. चहा मात्र प्याले.

नैरोबीहून तो नाव काढून आला, सोबत वीस चित्रांची मागणी. एकट्याला जमणार नाही म्हणून दहा मला दिली. त्याच्या नावाने काढायची, त्याच्या चित्रासारखी. माझे जिराफ तर आता कुणीच घेत नाही, म्हणून मी हो म्हणाले.

पहिल्या फळीवर सवयीने डावा पाय उघडाच राहिला. अथुमानी शेजारून वाकला. माझ्या हातातला ब्रश घेऊन निळ्या रंगात बुडवला आणि एका रेघेत आईच्या पायात चप्पल घातली. छान घातली. मग त्याने ब्रश मला परत दिला, आणि मी खाली त्याचं नाव लिहिलं.