निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक

"कुबल सर, उतरा आता. पडलात तर मला धरायला जमणार नाही," नम्रता खालून म्हणाली.

गुणाजी कुबल शिडीच्या चौथ्या पायरीवर उभे राहून समाजशास्त्राच्या कपाटात कोपरापर्यंत हात घालून मागची रांग चाचपत होते. नाकाला रुमाल बांधलेला, चष्म्यावर धुळीचा थर.

"काय शोधताय तरी काय? बुधवारपासून बघतेय मी."

"काय नाय गं. जरा साफसफाई."

"साफसफाई शिपाई कालच करून गेला."

कुबलांनी हात आणखी आत घातला.

डिलाईल रोडवरच्या नवजागर ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात कुबलांनी एकतीस वर्षं काढली होती. विभाग म्हणजे एक लांब टेबल, दोन पंखे, अकरा कपाटं आणि कुबल. कुणाला आजोळच्या नदीचं नाव हवं असे, कुणाला बारशासाठी 'ध'वरून मुलीचं नाव, एखाद्या वकिलाला जुन्या गॅझेटातला उतारा. कुबलांनी आजवर कुणालाही 'नाही' म्हटलं नव्हतं. 'आहे की' आणि 'बघतो' अशी दोनच उत्तरं त्यांच्याकडे असत, आणि बघतो म्हटलेलं दोन दिवसांत टेबलावर येई. त्यामुळे भागात त्यांचा चांगलाच दबदबा होता. तो त्यांना आवडायचाही, उगाच खोटं कशाला बोला.

दोन वर्षांपूर्वी ग्रंथालयाने कात टाकायचं ठरवलं. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली नम्रता गमरे आली, पुस्तकं भराभर संगणकावर चढवू लागली आणि 'विचारा ग्रंथपालांना' म्हणून एक व्हॉट्सॲप नंबर सुरू झाला. तो फोन कुबलांच्या हातात आला. पहिल्याच सकाळी कुणीतरी गुड मॉर्निंग लिहिलेलं फुलाचं चित्र पाठवलं. कुबलांनी अर्धा तास खपून फूल ओळखलं; शास्त्रीय नाव, कुळ, ग्रंथाचा पृष्ठक्रमांक असं साग्रसंगीत उत्तर एका बोटाने टाइप करून धाडलं. दुसऱ्या दिवशी त्याच गृहस्थाने दुसरं फूल पाठवलं. तेही ओळखलं. आठवड्याभराने नम्रताला हे कळलं तेव्हा ती हसता हसता खुर्चीवरून पडायचीच बाकी होती. पण कुबल हटले नाहीत. स्कॅन करायला शिकले, दुसऱ्या ग्रंथालयांच्या याद्या ऑनलाइन चाळायला शिकले. कोकणातला कुणी मास्तर फोनवर प्रश्न टाकतो आणि आपण इथून पानाचा फोटो पाठवतो, याची त्यांना गंमत वाटू लागली होती.

आणि या मंगळवारी श्रेया आली. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांवर पीएच.डी. करणारी, पाठीवर सॅक, हातात मोबाइल. मोबाइलवर पुस्तकांची यादी. चार पुस्तकं कुबलांनी जागेवरूनच सांगितली, दोन तर उठून काढूनही दिली. पाचव्याशी ते अडले. 'गिरणगावातील खानावळी: एक सामाजिक नोंद', लेखक द. वि. म्हापणकर, १९७४.

"हे कुठेच मिळत नाहीये सर. दोन लायब्रऱ्या पालथ्या घातल्या. तुमच्याकडे नसेल ना?"

तिच्या त्या 'नसेल ना'ने घात केला.

"आहे की," कुबल म्हणाले. "पाहिलंय मी. निळा पुठ्ठा, पातळसं आहे. काढून ठेवतो."

"नक्की ना सर? सोमवारी माझी सिनॉप्सिस समितीसमोर आहे. गाइड मॅडम याच पुस्तकाबद्दल विचारतायत."

"मी सांगतोय म्हणजे आहे."

पोरीचा चेहरा असा उजळला, की कुबलांना घरी जाताना वाट सोपी वाटली. बुधवारी त्यांनी समाजशास्त्राचं कपाट पाहिलं, मग शेजारची दोन. गुरुवारी जुनी कार्डं एकेक करून उलटली, दाखल पुस्तकांची नोंदवही १९७४पासून पुढे बोट ठेवून वाचली. म्हापणकर कुठेच नव्हते.

गुरुवारी संध्याकाळी करी रोडच्या घरी त्यांची बायको मालन कोळंबी सोलत बसली होती. कुबल तिच्यासमोर पाटावर येऊन बसले.

"माझ्यात काय फरक वाटतो का गं तुला हल्ली?"

"वाटतो तर. पोट सुटलंय."

"तसं नाय. विसरतो का मी?"

मालनचा हात थांबला. सासूबाई शेवटची दोन वर्षं तिलाच 'तू कोणाची गो?' म्हणून विचारायच्या. अंघोळ तिच्याच हातची, आणि वर तिलाच विचारायच्या की माझी सून कुठे गेली. त्या घरात विसरणं हा थट्टेचा विषय राहिला नव्हता.

"काल दूध आणायला विसरलात," ती हलकेच म्हणाली. "पण ते तुम्ही तीस वर्षं विसरताय. झालंय काय?"

कुबलांनी पुस्तकाचं सांगितलं. पुस्तक मिळत नाही याचं त्यांना तेवढं दुःख नव्हतं. डोळे मिटले की निळा पुठ्ठा स्वच्छ दिसत होता, कोपऱ्यात उंदराने कुरतडलेला, आणि तो ठेवलाय कुठे ते मात्र आठवत नव्हतं. घाबरले होते बिचारे. त्यांच्याकडे डिग्री नव्हती, जे होतं ते सगळं डोक्यात होतं.

"त्या नम्रताला विचारा की," मालन म्हणाली. "पोरगी हुशार आहे. तिला विचारलं तर झिजणार आहात का?"

म्हणून शुक्रवारी शिडीवरून उतरल्यावर कुबलांनी रुमाल सोडला आणि नम्रतापुढे पुस्तकाचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवली. तिने मोठमोठ्या ग्रंथालयांच्या याद्या धुंडाळल्या. लेखकाचं नाव तीन तऱ्हांनी टाकून पाहिलं. मग श्रेयाला फोन लावून एवढंच विचारलं, "ही यादी तुला कुठून मिळाली गं?" उत्तर ऐकून तिने फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला.

"सर, यादी एआयने दिलीय. हे पुस्तकच नाहीये."

"नाहीये म्हणजे? लेखकाचं नाव आहे, साल आहे."

"थांबा, दाखवते." तिने आपल्या फोनवर टाइप केलं: डिलाईल रोडवरील वाचनालयांच्या इतिहासावर पुस्तके सुचवा. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पाच पुस्तकं हजर झाली. लेखक, प्रकाशक, साल, सगळं झोकात. एकाला तर दुसरी आवृत्तीही होती.

"यातलं एकही नाही," नम्रता म्हणाली. "याला ना, 'नाही' म्हणताच येत नाही. विचारलं की काहीतरी देणारच. तेही असल्या रुबाबात!"

कुबल मोठ्याने हसले. छातीवरचा दगड उतरला होता. डोकं शाबूत होतं! त्यांनी दोघांसाठी चहा सांगितला आणि वर खारी बिस्किटंही. पहिला घोट घेतला, आणि कप तसाच हातात राहिला.

"नम्रता, मग मी पाहिलं काय?"

"काय?"

"निळा पुठ्ठा. कोपरा कुरतडलेला. मी पाहिला होता ना."

नम्रताने आपला कप खाली ठेवला. "होतं असं सर. दुसरं कुठलं तरी आठवलं असेल."

"नाय गं. ती 'नसेल ना' म्हणाली आणि मला 'नाय' म्हणवेना. तोंडातून आधी 'आहे' गेलं, पुठ्ठा मागनं आला." त्यांनी तिच्या फोनकडे बोट दाखवलं. "ह्याच्यासारखंच."

एवढ्यात संदर्भ विभागाचा फोन वाजला. श्रेयाच होती, आवाज रडवेला; नम्रताच्या प्रश्नावरून तिला काय ते उमगलं होतं. बाकीची चार पुस्तकं तिने स्वतः उघडून तपासली होती. हे एकच तपासलं नव्हतं, कारण कुबल सरांनी पाहिलंय म्हटल्यावर तपासायचं काय? सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या रूपरेषेत, तिने लिहून टाकलं होतं, नवजागर ग्रंथालयात उपलब्ध. प्रती समितीला गेल्यासुद्धा.

"पुस्तक गहाळ आहे असं तरी लिहून द्याल का सर? प्लीज. तेवढ्यावर निभावेल."

ग्रंथालयात गहाळ हा फार सोयीचा शब्द आहे. पुस्तकं गहाळ होतातच. वाळवी खाते, सभासद गाव सोडून जातात, कुणी कुणाला विचारत नाही. गहाळचा शिक्का मारला असता तर श्रेया सुटली असती आणि कुबलांची एकतीस वर्षांची पतही राहिली असती. त्यांनी शिक्क्याचा खण उघडलाही. पण गहाळ म्हटलं की पुस्तक होतं असं ठरतं. मग श्रेयाच्या प्रबंधातून ते दुसऱ्याच्या प्रबंधात जाणार, आणि पुढची तीस वर्षं पोरं इथे येऊन म्हापणकर मागत राहणार. कुबलांनी खण लोटून दिला.

"उद्या ये," ते म्हणाले. "लिहून देतो. पण गहाळ नाही लिहिणार."

पत्र त्यांनी ग्रंथालयाच्या छापील कागदावर हाताने लिहिलं. 'सदर पुस्तक आमच्या ग्रंथालयात नाही व कधीही नव्हते. असे पुस्तक प्रकाशित झाल्याचा पुरावा आम्हांस मिळालेला नाही. ते मी पाहिल्याचे तोंडी सांगितले होते, ते खरे नव्हते. ही चूक विद्यार्थिनीची नसून माझी आहे.' खाली पूर्ण नाव आणि सही. 'नाही' लिहिताना पेन अडखळलं, हे नम्रताने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

शनिवारी श्रेयाने पत्र उभ्या उभ्या वाचलं.

"मशीनचं मी समजू शकते सर," ती म्हणाली. "पण तुम्ही?"

तिने पत्राची घडी सॅकमध्ये कोंबली आणि न बसताच गेली. त्या दिवशी कुबलांनी डबा तसाच घरी परत नेला.

सोमवारी संध्याकाळी श्रेयाचा मेसेज आला. 'सिनॉप्सिस परत पाठवली. तीन महिन्यांनी पुन्हा.' पुढे सर नव्हतं की काही नव्हतं. पोरीचे तीन महिने आपण खाल्ले, हे कुबलांना फार लागलं. दोन दिवस ग्रंथालय सुटल्यावर ते लालबागच्या चाळी फिरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका बोटाने टाइप केलं: 'पुस्तक नाही. माणूस आहे. आधी मी स्वतः जाऊन भेटलो, मग तुला कळवतोय. रविवारी येशील?'

उत्तर यायला अख्खा दिवस लागला. 'हो.'

गंगुबाई परब लालबागच्या एका चाळीत पहिल्या मजल्यावर राहत होत्या, वय सत्याऐंशी. कुबलांचे काका अकरा वर्षं त्यांच्या खानावळीत जेवले होते. श्रेया आली, पण कुबलांशी बेताचंच बोलली. गंगुबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं.

"बस गो बाय. काय इचारूचा हा ता इचार."

आणि म्हातारी सुटली. भल्या पहाटे चूल कशी पेटायची, पहिल्या पाळीची माणसं, रात्रपाळीची माणसं, आमटी पातळ झाली की कोण कुरकुरायचा, गावची चिठ्ठी कोण वाचून दाखवायचा. श्रेया लिहीत होती, मोबाइलवर आवाज टिपत होती. तासाभरात ती कुबलांवरचा राग बहुधा विसरली. एका वेळी पंगतीला किती जण असत? बावीस. पाणी कोण भरायचं? "मी. आणखी कोण?"

"आणि आजी, संपाच्या वर्षी? तेव्हा किती उरले होते जेवायला?"

गंगुबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

"ता माका आठवणा नाय," त्या म्हणाल्या. ना लाज, ना खंत. आठवत नव्हतं, म्हणून नाही.

श्रेयाने मान वर केली आणि सवयीने कुबलांकडे वळली. "सर, तुम्हाला काही अंदाज?"

कुबलांच्या डोळ्यांपुढे ओसरी आली, तीत मांडलेले पाट आले, आठ की नऊ, शेवटच्या पाटाचा पायही मोडका होता. आकडा जिभेच्या टोकावर येऊन थांबला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"तुका कसा म्हायत आसतला?" गंगुबाई खळखळून हसल्या. "तेवा तू अर्धी चड्डी घालून फिरत होतंस!"

श्रेयाही हसली. मग खाली मान घालून तिने वहीत लिहिलं: संपकाळातील संख्या. गंगुबाई परब, आठवत नाही. तिच्या खाली, तेवढ्याच ठळक अक्षरात: गुणाजी कुबल, ग्रंथपाल, माहीत नाही. दोन्ही नावांपुढे तारीख घातली आणि पुढचा प्रश्न विचारला.