गप्प बसायचा खेळ

धनेशला कशाचीच भीती वाटत नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते तो कुणी न विचारताही ऐकवत असे. नायगावच्या खाडीकाठचं घर, लहानपणापासून साप आणि भरतीचं पाणी पाहिलेलं. तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावरची भुतं त्याच्या खिजगणतीतही नव्हती. वालीवच्या एका छोट्या कारखान्यात तो सहा दिवस प्लास्टिकची झाकणं तपासायचा आणि सातव्या दिवशी भुतांशी लढायचा. यात कुणाचं काही नुकसान नव्हतं. बढाईखोर माणसाला मित्र जेवढं सांभाळून घेतात, तेवढं त्यालाही घेत होते.

मित्र दोन. वसई गावातल्या वाडीवरचा कॉन्रॅड आणि विरारच्या मनवेलपाड्यातली रीमा. तिघांची ओळख वसई स्टेशनजवळच्या एका गेमिंग कॅफेत झालेली. तो कॅफे बंद पडला, तिथे मोबाइलची कव्हरं विकू लागले, त्यालाही सहा वर्षं झाली. पण रविवारी दुपारी दोन ते चार, आपापल्या घरात बसून, कानांवर हेडफोन चढवून तिघं भेटतच राहिले. नवा गेम सुरू करायच्या आधी प्रत्येकाने आपली लिमिट सांगायची, म्हणजे कितपत भीती झेपेल ते, आणि कुणी "बस" म्हटलं की दुसऱ्याने चिडवायचं नाही, असा रीमाने नियम घातला होता. तिघांनी तो कधी मोडला नाही. चिडवायला बाकीचे विषय भरपूर होते.

"शूटरमध्ये कसली आलीय भीती?" धनेश म्हणायचा. "गोळी लागली, मेलो, दहा सेकंदांनी परत उभा. घाबरायला टाइमच नाही."

"मला शूटर चालतात," रीमा म्हणायची. ती एका डेंटिस्टकडे रिसेप्शनवर बसायची, आणि दिवसभर रडणारी पोरं ऐकून तिचे कान तयार झाले होते. "पोरं रडली तर काही वाटत नाही. पण अंधारात एखादं पोर हसलं ना, की मी लॅपटॉप बंद करून मोकळी."

कॉन्रॅडचं वेगळंच. "हातात बंदूक द्या, मग कसलाही राक्षस आणा. पण हात रिकामे आणि कपाटात लपून नुसतं ऐकत बसायचं, ते मला नाही जमत. ऐकत बसणं सगळ्यात वाईट."

"आणि माझी लिमिट बनवणारा अजून जन्माला यायचाय," हे धनेशचं शेवटचं वाक्य ठरलेलं. ते आलं की रीमा जांभई द्यायची.

कॉन्रॅडच्या आईला, बेटीआंटीला, दोन वर्षांपूर्वी लकवा झाला होता. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. कॉन्रॅडने घरून करायची नोकरी धरली आणि आईचं सगळं स्वतः करू लागला. आंटीच्या उशाशी एक छोटी पितळी घंटा असायची. काही लागलं की ती डाव्या हाताने वाजवायची. मग कॉन्रॅड माउस टाकून पळायचा आणि त्याचा सैनिक भर मैदानात पुतळ्यासारखा उभा राहून गोळ्या खायचा. धनेश शिव्या घालायचा, पण त्या प्रेमाच्या. नाताळात याच आंटीने त्याला जबरदस्तीने वीस-वीस फुगे खायला घातले होते, मैद्याचे, तेलातून काढलेले, गरमागरम.

तरी माणूस हा माणूसच. जुलैतल्या एका रविवारी डाव अगदी हातातोंडाशी आला असताना घंटा तिसऱ्यांदा वाजली. एकदा पाणी झालं होतं, एकदा पंखा झाला होता. माइक चालूच होता. कॉन्रॅड ओरडला, "मम्मी, दोन तास तरी गप्प पड ना!" आणि मग उठून गेलाच. धनेश हसला होता. आत्ता ते आठवलं की त्याला आपल्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्या रविवारी कॉन्रॅडकडे नवे हेडफोन आले. बाहेरचा आवाज आत येऊच देत नाहीत असे. धनेशनेच महिनाभर मागे लागून घ्यायला लावले होते. आणि गेमही धनेशनेच निवडला. एका पडक्या बंगल्यात तिघं अडकतात, हत्यार काही नाही, आणि तिथलं भूत खेळणाऱ्यांचा माइक ऐकतं. खरंखुरं ऐकतं. तुम्ही आपल्या घरात खोकलात की ते तिकडे बंगल्यात तुमच्या दिशेला वळतं. कॉन्रॅड म्हणाला, ही तर माझीच लिमिट आहे. धनेश म्हणाला, मी आहे ना.

रीमा पहिल्या पाच मिनिटांत मेली आणि चहा टाकायला उठून गेली. हे दोघे एका कपाटात लपले. तेवढ्यात धनेशला आवाज आला. टिंग, टिंग, टिंग. हलकाच, लोखंडावर धातू आपटल्यासारखा. त्याच्या अंगावर काटा आला आणि त्याला भलतीच मजा वाटली. तो कुजबुजला, "जवळ आलंय. गप्प. अजिबात बोलू नकोस, हलू पण नकोस."

कॉन्रॅड गप्प बसला. थोड्या वेळाने पुन्हा दोनदा तोच आवाज आला, पहिल्यापेक्षा हळू. मग काही आलं नाही. भूत निघून गेलं. ते दोघं त्या दिवशी पहिल्यांदाच बंगल्यातून जिवंत बाहेर पडले, आणि धनेशने इतकी आरडाओरड केली की त्याची आई हंसा परसातून बघायला आली.

चार वाजता कॉन्रॅड आईला चहा द्यायला आत गेला. बेटीआंटी गेली होती. दुसरा झटका, डॉक्टर म्हणाले. आधी कळलं असतं तर, असं कॉन्रॅडने विचारलं, तेव्हा ते म्हणाले की सांगता येत नाही. "सांगता येत नाही" या उत्तरावर माणूस जगतही नाही आणि मरतही नाही.

दफनाच्या दिवशी धनेशने खांदा दिला. तोवर त्याच्या मनात काही नव्हतं. पण घरात लोकांची ये-जा चालली असताना कुणीतरी आंटीच्या खोलीत झाडू मारला आणि पलंगाखालून एक स्टीलचा पेला काढून खिडकीत ठेवला. पलंग जुना, लोखंडी. धनेशने पेला पाहिला, पलंग पाहिला, आणि त्याला कपाटात ऐकलेलं ते टिंगटिंग आठवलं.

घरी येऊन त्याने तो गेम लावला. तोच बंगला, तेच कपाट. एकदा, तीनदा, आठवडाभरात अकरा वेळा तो त्या कपाटात जाऊन बसला. भूत गुरगुरलं, पाय घासत चाललं, दारं आपटली. लोखंडावर टिंगटिंग त्या गेममध्ये कुठेच नव्हतं. बाराव्या वेळी त्याने गेम पुसून टाकला. आवाज कॉन्रॅडच्या माइकमधून आला होता. कॉन्रॅडच्या कानांवर ते नवे हेडफोन होते, त्याला तो ऐकूच आला नव्हता. आईची हाक त्या घरात कुणाला ऐकू गेली नाही. ती गेली नायगावात, धनेशला. आणि धनेशने मुलाला सांगितलं की हलू नकोस.

खाई त्याला खवखवे. धनेशला जेवण जाईना. वालीवला त्याने अख्खी पेटी वाकडी झाकणं पास केली. शेवटी एक दिवस तो ओट्यावर मासे साफ करणाऱ्या आईजवळ बसला आणि सगळं सांगून टाकलं. हंसाचे हात थांबले.

"त्याला सांगितलंस?" तिने विचारलं.

"नाही."

"मग सांगू पन नको." ती पुन्हा माशाकडे वळली. "मेलेलं मानूस फिरून येत नाय. सांगून कोनाचं भलं होनार? त्या पोराला आज वाटतं, आय झोपेत गेली. ते तरी राहू दे त्याच्याजवळ."

धनेशला हे पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेणं त्याच्या सोयीचं होतं. मित्राची काळजी आणि स्वतःची कातडी दोन्ही एकाच उत्तराने वाचत असतील, तर माणूस ते उत्तर फार तपासून बघत नाही.

आंटीला जाऊन महिना झाला, त्याची चर्चमधली मिस्सा रविवारी सकाळी झाली. फादरांनी आंटीचं नाव घेतलं तेव्हा रीमा रडली, कॉन्रॅड रडला नाही. तो त्या दिवसापासून रडलाच नव्हता, असं शेजारची क्लेमेंटीन सांगत होती. जेवणं आटोपली, नातेवाईक पांगले, आणि हे तिघं घरापुढच्या बाकावर बसले. समोर केळींची वाडी होती. दोन वाजून गेले होते. त्यांची दर रविवारची वेळ ती, पण आज हेडफोन कुणाकडे नव्हते, आणि समोरासमोर बोलायची तिघांनाही सवय उरलेली नव्हती.

"नवीन शूटर आलाय," शेवटी रीमा म्हणाली. "बर्फातला. तिघांची टीम लागते. सोपाय म्हणे."

"खेळू," कॉन्रॅड म्हणाला. "शूटर खेळेन मी. हॉरर नाही."

"नकोच," धनेश घाईने म्हणाला. "हॉरर मला पण नको आता."

रीमाने त्याच्याकडे पाहिलं. "तुझी लिमिट बनवणारा जन्माला आला वाटतं."

नेहमीची चेष्टा होती, पण धनेशने मान खाली घातली. कॉन्रॅड वाडीकडे बघत बोलू लागला. "माझी लिमिट काय आहे ते मला आता नीट कळलंय. भूतबीत काही नाही. दोन वाजले की मी जाऊन तिच्या खोलीत बसतो आणि ऐकतो. आवाज येत नाही. बस, तेवढंच." मग तो धनेशकडे वळला. "धनेश, तुला एक विचारू? माझा माइक चालू होता. माझ्या घरातलं तुला तिकडे ऐकू येतं. त्या दिवशी घंटा वाजली होती का?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे धनेशला ठाऊक होतं, आणि त्याने उत्तर तयार ठेवलं होतं. गंमत म्हणजे आता त्याला खोटंही बोलावं लागणार नव्हतं.

"घंटा? नाही रे. घंटा नाही वाजली."

"नक्की?"

"शपथ. घंटा नाही वाजली."

आता कॉन्रॅडच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल, असं धनेशला वाटलं होतं. कॉन्रॅडचा चेहरा पडला. तो मान हलवत राहिला.

"तेच. मला वाटलंच होतं. घंटा उशाशीच होती, हाताला लागेल अशी. म्हणजे तिने हाकच मारली नाही." त्याचा आवाज अगदी साधा होता, आणि ते ऐकवत नव्हतं. "मी तिला सांगितलं होतं ना, गप्प पड म्हणून. ती पडली. तिला काहीतरी होतंय हे तिला कळत असणार, घंटा शेजारी, आणि तिने ठरवलं की नको, पोरगा चिडेल. मी येणार नाही असं समजून गेली ती. तिने घंटा वाजवली असती आणि मला ऐकू गेली नसती, तर मी स्वतःला काहीतरी समजावलं असतं. पण तिने वाजवलीच नाही."

रीमाने त्याचा हात धरला.

धनेशने आयुष्यात पहिल्यांदा खरी भीती पाहिली, आणि ती सापाची नव्हती, भुताची नव्हती. बोललो तर हा मित्र जाईल, याची होती. आईचं म्हणणं त्याच्या कानात होतं, पण आईला हे कुठे माहीत होतं? तिला वाटलं, खरं सांगितलं तर या पोराचं दुःख वाढेल. इथे तर उलटंच होतं. आई हाक न मारता गेली या एका समजुतीने कॉन्रॅड आतून खचत चालला होता, आणि ती समजूत खोटी आहे हे जगात एकट्या धनेशला ठाऊक होतं. त्याने बाकाची कड धरली.

"तिने हाक मारली होती," तो म्हणाला.

दोघांनी वळून पाहिलं.

"घंटेने नाही. पेल्याने. पलंगाच्या दांडीवर. हळूच, तुला त्रास होऊ नये अशी. पहिल्यांदा तीनदा, मग थोड्या वेळाने दोनदा." जे बोलायचं ते एका दमात बोललं नाही तर जमणार नाही हे त्याला कळत होतं. "मला ऐकू आलं. मला वाटलं गेममधलं आहे. म्हणून मी तुला म्हटलं, गप्प, हलू नकोस. दफनानंतर मला कळलं. महिना झाला, मी सांगितलं नाही. घाबरलो."

वाडीत कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता, त्याचा आवाज येत राहिला. रीमाने तोंडावर हात ठेवला होता. कॉन्रॅड धनेशकडे बघत होता, राग म्हणावा तर राग नव्हता, आणि प्रेम तर नव्हतंच.

"कसं?" त्याने विचारलं.

"काय कसं?"

"कसं वाजवलं तिने? दाखव."

बाकावर जेवणानंतरचे पेले तसेच पडले होते. धनेशने एक उचलला. बाकाच्या पाठीला लोखंडी पट्टी होती. आठवायला काहीच कष्ट पडले नाहीत. टिंग, टिंग, टिंग.

तिसरं टिंग व्हायच्या आत कॉन्रॅड उठला होता. दोन वर्षांची सवय ती, त्याला विचारायला थोडीच थांबणार. "आलो मम्मी," म्हणत तो चार ढांगांत दारापर्यंत पोचला, उंबऱ्यावर एक पाय टाकला, आणि तिथेच थांबला. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावरची गादी महिन्यापूर्वीच गुंडाळून ठेवलेली.

त्याने चौकट धरली आणि तो रडायला लागला. मोठ्याने, हुंदके देत. रीमा धावत गेली. त्याने हातानेच तिला थांबवलं. धनेश बाकाजवळ पेला घेऊन उभा होता. जावं की राहावं, माफी मागावी की काय करावं, त्याला काही कळत नव्हतं. आता हा मला कधी जवळ करणार नाही, एवढं मात्र त्याला स्पष्ट दिसत होतं, आणि त्यात त्याला अन्याय वाटत नव्हता.

बऱ्याच वेळाने कॉन्रॅडने पाठमोऱ्यानेच विचारलं, "आणि नंतर दोनदा?"

"हो."

"ते पण वाजव."

धनेशचा हात उठेना. मग त्याने तो उचलला, आणि अगदी हळू, आंटीने वाजवलं होतं तितक्याच हळू, दोनदा वाजवलं.