वाटेतले स्टूल

मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे. पण माझ्यावर कोणी बसत नाही.

सुताराने मला बसण्यासाठीच घडवले. प्राण्यांच्या दवाखान्यात मी कितीतरी वर्षे माणसांचा भार वाहिला. ‘भक्कम आहे हो!’ अशी शाबासकी मिळवली. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी बदली थेट वाटेत झाली.

डोळ्यांचे ऑपरेशन झालेल्या प्राण्याला ‘दिसते का रे?’ असे विचारून भागत नाही. म्हणून डॉक्टरबाई मला खोलीच्या मधोमध ठेवतात. ज्याला दिसत नाही तो धडकतो; ज्याला दिसते तो वळसा घालून जातो आणि सगळे टाळ्या वाजवतात. मला टाळले की आनंद! माझ्या पायांचा रंग आंधळ्या नाकांनीच घासून गेला आहे.

एका शिंपीणबाईंची ठमी नावाची म्हातारी कुत्री होती. घरात त्या दोघीच. मोतीबिंदू झालेली ठमी ऑपरेशनआधी मला धडकली आणि माझ्या पायाला हनुवटी टेकून उभीच राहिली. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

ऑपरेशननंतर महिन्याने त्या पुन्हा आल्या. बाई भिंतीकडेने चुटक्या वाजवत गेल्या, ठमी मागोमाग.

“बघा, दिसतंय हिला! घरीसुद्धा कुठे धडकत नाही.”

“घर तिला पाठ आहे, बाई. आणि इथे तुम्ही चुटक्या वाजवत होतात.”

बाईंचा चेहरा उतरला. “आठ महिन्यांत हिनं माझ्या तोंडाकडे बघितलं नाही हो.”

डॉक्टरबाईंनी मला अलगद उचलून दुसरीकडे ठेवले. “तिकडे उभ्या राहा. हाताची घडी, तोंडावर बोट!”

“या वयात?” म्हणत बाईंनी खरोखरच बोट ठेवले.

ठमी निघाली. माझ्यापाशी थबकली. मला वाटले, आता हनुवटी टेकेल. ती वळसा घालून गेली, बाईंपुढे बसली आणि मान वर करून त्यांचे तोंड न्याहाळू लागली.

“आता बोलू का?” बाईंनी विचारले. डोळे पुसत त्या वळल्या आणि धाडकन मला धडकल्या!

“अगं बाई, हे कुठून आलं?” म्हणत त्या माझ्यावरच टेकल्या. कितीतरी वर्षांनी माझ्यावर कोणी बसले. दोन मिनिटेच. मग दोघी गेल्या, आणि मी पुन्हा वाटेत.

मित्रांनो, तुमच्या मुक्या सोबत्याची नजर पाहायची असेल तर आधी स्वतःचे तोंड आवरा. मायेपोटी त्याची उत्तरे तुम्ही देऊ नका. आणि तपासणी झाली, की निघण्यापूर्वी क्षणभर माझ्यावर बसा. मी अजून भक्कम आहे.