पांढऱ्या अळंबीची खोली

प्रभाकर सबनीसांची सारी हयात चाकणच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये गेली. लोखंड कापायचं, घासायचं, मोजायचं आणि पुन्हा घासायचं. निवृत्त होऊन रहाटणीच्या फ्लॅटमध्ये बसल्यावर हात रिकामे झाले, पण तळव्यांवरचे घट्टे तसेच राहिले. त्यामुळे मृदुलानं, त्यांच्या मुलीनं, चिखलीतल्या तिच्या वर्कशॉपमधला मिक्सर बिघडल्याचं सांगितलं, तेव्हा ते पान्यांची पिशवी घेऊन लगेच निघाले.

मृदुला चेहऱ्याला लावायची क्रीमं बनवायची. आता त्यात अळंबी घालणार असं ती म्हणाली, तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला होता. अळंबी म्हणजे त्यांच्या लेखी उकिरड्यावर उगवणारी छत्री, फार तर हॉटेलातली भाजी. तोंडाला फासायची वस्तू नव्हे.

मिक्सरचं सील गेलं होतं. ते बदलून हात पुसत होते, तोवर मृदुलानं एका पातेल्यात वाळलेला पिवळट तुकडा टाकला. चुरगळलेल्या कागदासारखा, हलका. वर कोमट पाणी ओतलं.

"आपण चहा घेऊ, बाबा. मग बघा."

चहा घेऊन, गप्पा मारून ते परतले, तर पातेल्यात पाणी जेमतेम तळाला होतं. तुकड्याच्या जागी ओंजळभर पांढरं फूल पसरलं होतं, पलीकडचं दिसेल इतकं नितळ. त्यांनी बोट लावलं. ते थरथरलं.

"पाणी कुठं गेलं?"

"या अळंबीनंच धरून ठेवलंय. मला क्रीममध्ये हेच हवंय."

शिजवून गाळलेला थोडा रस तिनं त्यांच्या तळव्यावर चोळला. घट्टे काही गेले नाहीत. पण घरी जाताना त्यांनी मूठ वळली, तर कातडी नेहमीसारखी ताणली नाही. सिग्नल सुटला तरी ते हाताकडेच बघत होते. मागच्यानं हॉर्न वाजवला.

वाळलेला माल बाहेरून यायचा. मृदुलाला अळंबी इथंच उगवायची होती. मागच्या खोलीत लाकडाच्या भुशाच्या पिशव्या मांडलेल्या होत्या, पण दर वेळी फसत होतं.

"ही एकटी जगत नाही, बाबा. हिला एक काळी बुरशी सोबत लागते. ती लाकूड पचवते आणि ही तिच्यावर जगते. दोघींचं जमलं तरच फूल येतं."

"आणि खोली?"

"खोली दमट हवी. गारवा सारखा बदलून चालत नाही."

ते त्यांना कळण्यासारखं होतं. त्यांनी दाराला रबरी पट्टी बसवली, कूलरचा पंखा सारखा केला आणि रोज यायला लागले. पिशव्यांत काळे डाग पसरत गेले, बाकी काही नाही. मृदुलानं त्या खोलीत डोकावणंही सोडलं.

एका सकाळी एका पिशवीच्या प्लॅस्टिकला पाडलेल्या चिरेपाशी त्यांना पाण्याचा थेंब दिसला. पुसायला गेले, तर पुसला जाईना. तो थेंब नव्हता.

"मृदुला, जरा इकडे ये," ते इतक्या हळू म्हणाले की तिनं येताच विचारलं, "काय मोडलं?"

त्यांनी नुसतं बोट दाखवलं. ती गुडघ्यांवर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

त्या थेंबाचा मणी झाला, मण्याला झालर फुटली. प्रभाकर स्टूल टाकून समोर बसायचे. कंपनीत साधा खिळा घडायचा तरी प्रेस दणाणायची, ठिणग्या उडायच्या, माणसं ओरडून बोलायची. इथं रातोरात पाकळीवर पाकळी चढत होती आणि कसला म्हणजे कसला आवाज नव्हता. श्वास जोरात घ्यायलाही त्यांना संकोच वाटायचा.

मृदुला कात्री घेऊन आली. रस काढून तपासायचा होता.

"उद्या काप," ते म्हणाले.

बाबांनी आजवर तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. तिनं कात्री खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी फूल त्यांच्या तळहाताएवढं झालं होतं. पिशवी त्यांनीच धरली, तिनं देठाशी कापलं. रस विकतच्या मालाइतकाच दाट निघाला. मृदुला खुर्चीत बसली, हसली आणि मग डोळे पुसू लागली. काचेच्या नळीतला तो रस उजेडात धरून ती म्हणाली, "झालं, बाबा. इथंच झालं."

प्रभाकर मात्र तोवर टॉर्च घेऊन मागच्या खोलीत गेले होते. शेजारच्या पिशव्यांवरही आता बारीक बारीक थेंब धरू लागले होते.