कमानीवरचा दुधी

मेव्हणीने परसबाग केली तेव्हा तिची अट एकच होती : पोटात जाईल ते आधी डोळ्यात भरलं पाहिजे. म्हणून टोमॅटोच्या पायाशी झेंडू, कोबीच्या वाफ्याला जांभळ्या तुळशीची किनार आणि फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत दुधीची कमान. गेल्या वर्षी या कमानीवर खायचे दुधी होते, आणि शेजारीच हंसासारख्या मानेचे शोभेचेही. यंदाचं बी तिने घरचंच धरलं होतं.

माझी बायको, म्हणजे तिची थोरली बहीण, या बागेला फोटो स्टुडिओ म्हणायची. "फोटो सुरेख येतात गं. फोडणी दिली तर शिजतात का?"

धाकटीला हे फार लागलं. बागेला आजवर एकच चाहता मिळाला होता, तो म्हणजे नवरा. पण आमचे साडू साधे चाहते नव्हते. चहाच्या कंपनीत त्यांनी जन्मभर चव बघायची नोकरी केली होती. एका घोटात मळा ओळखायचे. ते रोज जेवताना 'वा' म्हणत, आणि त्या 'वा'च्या जोरावर मेव्हणीने आम्हाला जेवायला बोलावलं. सगळं बागेतलं. ताईला आज पटवायचंच.

सुरुवातीला दुधीचं सूप आलं. वर झेंडूच्या पाकळ्या. चमचा घालायला जीव होईना.

बायकोने घातला, आणि लगेच नॅपकिन तोंडाला लावला. मला वाटलं, बहिणीबहिणींचं नाटक. मग मी घोट घेतला. इतकं कडू औषधही मी कधी घेतलेलं नाही.

"अगं, दुधी चिरताना चाखला नाहीस? कडू दुधी विषारी असतो!" बायको ओरडली.

"चाखला ना! तुकडा यांनाच दिला होता. यांच्या जिभेपुढे माझी काय..." मेव्हणीने स्वतः चमचा तोंडात घातला आणि तिचे डोळे पांढरे व्हायचे बाकी राहिले.

आम्ही तिघांनी मान वळवली. साडू वाटीचा तळ पुसत होते.

"वा," ते म्हणाले. "आणखी आहे?"

आमचे चेहरे पाहून साडूंनी चमचा हळूच खाली ठेवला.

"कडू आहे का?" त्यांनी विचारलं.

मेव्हणी उठून उभी राहिली. "कधीपासून?"

"त्या तापात चव गेली, ती परत आलीच नाही."

"त्याला वर्ष होऊन गेलं! मग रोज 'वा' कशाला म्हणता?"

"तू वाढून माझ्या तोंडाकडे बघत बसतेस," साडू म्हणाले. "तुझ्या भुवया वर असल्या की 'वा'. ओठ आवळलेले असले की 'वा, वा'."

पुढचं भांडण गाडीत झालं, कारण साडूंना दवाखान्यात नेणं भाग होतं. वाटेत त्यांनी दोनदा गाडी थांबवायला लावली. डॉक्टरांनी सलाइन लावून ठेवून घेतलं. मेव्हणी उशाशी बसून एकेक ताट आठवत होती.

"परवा मी भाजीत मीठच घालायला विसरले होते."

"हो?" साडूंना खरोखर धक्का बसला. "सांगायचंस तरी!"

साडूंना झोप लागल्यावर दोघी बहिणींनी घरी येऊन वेल उपटला. मधमाश्यांनी देखण्या दुधीचं आणि खायच्या दुधीचं परस्पर जमवून टाकलं होतं. बी दिसायला घरचं, गुणाने परकं. आमच्या बायकोने चक्क टोमॅटो मागून घेतले आणि तिथेच उभ्याने खाल्ले. "गोड आहेत," म्हणाली. मेव्हणीला ते ऐकूच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडू घरी आले. मेव्हणीने मऊ भात वाढला आणि मुद्दाम भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"कसा झालाय?"

साडूंनी बराच वेळ चावला. कपाळाला घाम आला.

"गरम आहे," ते म्हणाले. "आणि... मऊ."

मेव्हणी वळली. वर्षभरात नवऱ्याच्या तोंडून पहिलंच खरं मत ऐकत होती. तिने आणखी एक डाव भात वाढला.

"असंच खरं सांगत जा," ती म्हणाली. "पण रोज नको."