हागा गावची नऊ मतं

नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळात वर्नर लिंडाल चार वर्षं सिनेटर होता आणि यंदा पुन्हा उभा होता. मे महिन्यातल्या प्राथमिक फेरीपर्यंत त्याचा माणसांवर विश्वास होता. या फेरीतले पहिले दोघे नोव्हेंबरच्या लढतीला जातात, आणि इथे उमेदवारच दोन, त्यामुळे फेरी नुसती नावाची. पण निकाल केंद्रवार छापतात. वर्नरच्या स्वतःच्या हागा गावात बावीसपैकी नऊ मतं केंड्रा स्टोल्ट्झला पडली होती. ही शेजारच्या काउंटीतली शाळामास्तरीण. हागात तिचं कुत्रंही ओळखीचं नव्हतं.

नवातलं एक मत कुणाचं ते वर्नरला ठाऊक होतं. ते त्याचंच. मतपत्रिकेवर स्वतःच्या नावापुढचा गोल काळा करायचा म्हणजे भरल्या पंगतीत आपल्याच पानात आपणच वाढून घ्यायचं. लिंडालांच्या घरात असलं कुणी केलं नव्हतं. पण उरलेले आठ फितूर कोण? साऱ्या मतदारसंघात तो जेमतेम साठ मतांनी पुढे होता. घरचेच फिरले तर नोव्हेंबरात खुर्ची गेलीच.

त्याने गावातल्या बाकीच्या मतदारांची यादी केली, प्रत्येक नावापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं आणि पाळत सुरू केली. गावातला मिल्टन एकब्लाड समोरून ट्रक घेऊन आला की रामराम म्हणून स्टिअरिंगवरून चार बोटं उचलायचा. आता दोनच उचलत होता. वर्नरने त्याला धान्याच्या कोठारापाशी गाठलं.

"काय मिल्टन, निकाल बघितलास?"

"बघितला."

"मग?"

"पाऊस हवा होता."

वर्नरने घरी येऊन मिल्टनपुढे दुसरं प्रश्नचिन्ह काढलं. एकवीस नावांची ती यादी ऑगस्टात बायकोच्या, आर्डिथच्या हाती लागली.

"माझ्या नावापुढेही प्रश्नचिन्ह?"

"सगळ्यांच्याच पुढे आहे गं."

"माझ्यापुढे तीन आहेत."

आर्डिथने यादी टेबलावर ठेवली. "दिलं मी तिला मत. बिचारीला आपल्या गावात भोपळा मिळाला असता. कसं दिसलं असतं? तू तर पुढे जाणारच होतास. मला वाटलं, एवढी एक मीच."

वर्नर खाली बसला. आठही जणांना तेच वाटलं असणार: बाकीचे आहेतच की वर्नरला. नोव्हेंबरातही तेच वाटेल, आणि दयाळू लोकांचा काही नेम नाही.

आता उपाय एकच होता, आणि तो निर्लज्जपणाचा होता. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात सगळे कॉफी पीत असताना तो उभा राहिला. कानापर्यंत लाल झाला होता.

"मला तुमची मतं लागतील," तो म्हणाला. "सगळी."

कुणीतरी चमचा खाली ठेवला. सगळ्यांनी बशीत बघितलं. शेवटी मिल्टन म्हणाला, "अवघड आहे का लढत?"

"आहे."

"मग मे महिन्यात बोलायचंस की, शहाण्या!"

नोव्हेंबरात हागाची बावीसच्या बावीस मतं वर्नरला पडली. त्यातलं एक त्याने हाताने कागद झाकून स्वतःच टाकलं. सतरा मतांनी खुर्ची वाचली.

आठवड्याने केंड्राचा फोन आला. "अभिनंदन, सिनेटर. एक विचारायचंय. तुमच्या गावाहून माझ्याकडे फळं भरून भट्टीत भाजलेले आठ 'पाय' आलेत. रुबार्बचे, सफरचंदाचे. चिठ्ठी एकातही नाही."

"चांगले असतील."

"मत एक नाही आणि पाय आठ! काय घातलंय त्यांत? नवऱ्याला हात लावू देत नाहीये मी."

"साखर घातली असेल, बाई. खा खुशाल. भांडी तेवढी परत पाठवा."

"कुणाला पाठवू? प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर आडनाव आहे, तेवढंच."

"थांबा," वर्नर म्हणाला आणि त्याने ती जुनी यादी आणि पेन्सिल शोधली. "जरा सावकाश सांगा."