पाच वावांवरचं शिसं

रायचो माझा धाकटा भाऊ. आख्तोपोलच्या बंदरात त्याच्याइतक्या झपाट्याने रापान गोळा करणारा दुसरा पाणबुड्या नाही. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. होडी माझी आहे, मुठीएवढ्या त्या समुद्री गोगलगायींनी भरलेल्या पिशव्या मीच वर ओढते, तेव्हा मला ठाऊक असणारच. आणखीही एक गोष्ट मला ठाऊक आहे. त्याची अक्कल पाण्याखाली चालते, वर आला की ती गहाण पडते.

गेल्या शरदात तो खालून बुचासारखा वर उसळला. रक्तात हवेचे बुडबुडे झाले, त्याला वार्नाला नेऊन दाबाच्या लोखंडी खोलीत निजवावं लागलं. तेव्हापासून त्याच्या डाव्या हाताची पकड ढिली आहे आणि गारठ्यात डावा पाय ओढतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर त्याला बजावलं होतं, पुन्हा एकदा असा उसळलास तर चालत घरी जाणार नाहीस. त्याने मान डोलावली. मान डोलवायला त्याच्या बापाचं काय जातं? बाप माझाही तोच, पण असो.

या अपघाताचं मूळ आमच्याकडच्या पाणबुड्यांच्या एका खोडीत आहे. ते कमरेला शिसं कमी बांधतात. म्हणतात, पिशवी भरत जाते तसं रापानचं वजनच आपल्याला खाली धरून ठेवतं, मग शिशाचं ओझं कशाला? हिशेब बरोबर आहे, पण तळावर असेपर्यंतच. तिथे पाण्याच्या दाबाने जाड रबरी सूट चेपलेला असतो. मग पिशवीला फुगा बांधून ती वर सोडून दिली की तुमचं वजन गेलं. टाकीतली हवा संपत आली, म्हणजे तीही हलकी. आणि वर येताना सूट तेलात सोडलेल्या मेकित्सासारखा टम्म फुगतो. रक्तातली हवा निघून जावी म्हणून शेवटी काही मिनिटं थांबायचं असतं तिथे थांबता येत नाही, आणि माणूस थेट आभाळ गाठतो.

म्हणून एप्रिलमध्ये त्याने नवा, आणखी जाड सूट आणला, तेव्हा मी त्याला आधी धक्क्यापाशी पाण्यात उतरवलं. हा शहाणा भरलेली टाकी पाठीवर घेऊन आला. मी ती उतरवली आणि जवळजवळ रिकामी टाकी लावली.

"भरलेली टाकी खाली जाताना असते," मी म्हटलं. "मला तू वर येताना हवा आहेस."

छातीत नेहमीचा श्वास धरायचा, हातपाय न हलवता उभं राहायचं, पाणी डोळ्यांशी यायला हवं. श्वास सोडला की हळूच खाली जायला हवं. शिशाच्या पाच ठोकळ्यांवर त्याची छातीसुद्धा भिजेना. आठांवर पाणी बरोबर डोळ्यांशी आलं.

शेजारच्या होडीवर पानायोत जाळं सोडवत बसला होता. वयाने आमच्या काकाचा, जिभेने पोरासोरांचा.

"आठ? रायचो, तू पाणबुड्या आहेस की नांगर? माझी सासू पाचांवर उतरेल."

"तुमच्या सासूबाईंना एकही लागणार नाही, काका," मी म्हटलं. "त्यांची जीभच पुरेशी जड आहे."

सगळा धक्का हसला. रायचोही हसला, पण त्याचे कान लाल झाले. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. तिथे माझं चुकलं नाही म्हणणार नाही, पण लाल कानांचं मी काय करणार होते?

दुसऱ्या सकाळी आम्ही दोघंच टेकडीच्या आडच्या खडकाळ पट्ट्यावर गेलो. मी पुढे नांगर टाकत असताना त्याने मागे पट्टा बांधला. मी विचारलं, आठ? तो म्हणाला, आठ. आणि गेला.

तो खाली गेल्यावर मी पांढऱ्या घेवड्याचं सूप शेगडीवर ठेवलं आणि पाव काढायला टोपलीवरचं फडकं उचललं. पावाखाली शिशाचे तीन ठोकळे.

मला असा संताप आला की सूपच समुद्रात ओतावं. त्याला सांगणार कसं? होडीवर ठोकून इशारा द्यावा तर त्याचा अर्थ वर ये असा होतो, आणि वर येण्यातच तर मरण होतं. एकच गोष्ट पक्की होती. भाऊ कितीही मूर्ख असला तरी वर येताना नेहमी नांगराच्या दोराने येतो. पण लाट होती, दोर हिसके खात होता, आणि त्या डाव्या हाताच्या पकडीवर माझा काडीचा भरवसा नव्हता.

मी ते तिन्ही ठोकळे आकड्याला अडकवले, वर माझ्या जुन्या पट्ट्यातला एक घातला, आणि दुसऱ्या दोराने नांगराच्या दोराला लागूनच खाली सोडले. पाच वावांवर, म्हणजे तीसेक फुटांवर, थांबवले. तिथून वर सूट जोरात फुगायला लागतो, त्याच्या आधीच ते हाती लागायला हवेत. दोर मी कशाला बांधला नाही. हातातच धरला.

थोड्या वेळाने फुगा वर आला, खाली गच्च भरलेली पिशवी. एरवी मी आधी मालाकडे धावते. त्या दिवशी तिला वाहू दिलं. बुडबुडे नांगराच्या दोराकडे सरकले, मग दोराच्या कडेने दाट व्हायला लागले. फार भराभर. मला रडू येत होतं आणि मी मोठ्याने शिव्या देत होते, आईवरून एकही नाही, कारण आई माझीही तीच.

दोर सैल पडला.

हातातलं वजन एकदम गेलं. ठोकळे त्याने घेतले की आकडा सुटून ते तळाला गेले, हे वरून कळायला मार्ग नव्हता. मी बुडबुड्यांकडे बघत राहिले. ते एका जागी आले आणि तिथेच राहिले. लाट गेली, दुसरी आली, बुडबुडे जागचे हलले नाहीत. मग दोराला दोन हिसके बसले. ठीक आहे, असा त्याचा अर्थ. मी खाली बसले, पण दोर सोडला नाही.

थांबायचं तेवढं थांबून, त्याहून जरा जास्तच थांबून, तो सावकाश वर आला. ठोकळे त्याने लेकरासारखे छातीशी धरले होते.

"ताई, खाली कुणाचं तरी शिसं लटकत होतं," तो म्हणाला. "म्हटलं, वाया जायला नको."

मी त्याला ओढून वर घेतलं, मोजे काढले आणि पायाची बोटं हलवायला लावली. उजव्याची हलली. डाव्याचीही हलली. पुन्हा हलव म्हटलं, त्याने पुन्हा हलवली. घरी पोचेपर्यंत मी त्याला किती वेळा हलवायला लावली कोण जाणे, पण त्याने एकदाही कुरकुर केली नाही. सूप मात्र करपलं होतं, तेही त्याने मुकाट्याने संपवलं.

बंदरात शिरताना पानायोत धक्क्यावरच होता. पिशवी बघून त्याने तोंड वाकडं केलं आणि तिथूनच विचारलं, आज किती लावून उतरलास रे?

रायचो पुढच्या टोकाला उभा राहिला. पट्टा सगळ्यांना दिसेल असा वर धरला. त्यात पाचच ठोकळे होते.

"पाच," तो म्हणाला. "आणि ताई नसती तर आज मला झोळीतून उतरवावं लागलं असतं, काका."

धक्क्यावर कुणी हसलं नाही. मग तो माझ्याकडे वळला, पट्टा माझ्या हातात दिला आणि दोन्ही हात कमरेपासून दूर धरून पाठमोरा उभा राहिला, लहानपणी स्वेटर घालून घ्यायला उभा राहायचा तसा.

"उद्यापासून तूच बांध."